आईच्या चित्रामागचा शेंदरी रंग

चित्र बिनकिमतीचं निघावं, एवढंच अक्काला हवं होतं. पण बोलून दाखवायची सोय नव्हती.

घर विकलं गेलं होतं. कपाटं, भांडीकुंडी वाटून झाली होती. राहिलं होतं पुढच्या खोलीतलं आईचं चित्र. खांद्यावर हिरवी शाल, मांडीवर हात, आणि आता हसेल की मग हसेल असे ओठ. खाली सही नाही. अक्काच्या धाकट्या भावाची सत्तरी उलटली होती, तरी ती त्याला छोट्याच म्हणे. शाळेत असल्यापासून त्याचं एकच पालुपद, की हे कुणा मोठ्या चित्रकाराच्या हातचं आहे. कुणी काढलं असं बाबांना विचारलं, की ते नुसतं म्हणत, ‘‘झालं खरं एकदाचं.’’ मग छोट्याचंच म्हणणं घरात रूढ झालं. आता किमती निघालं तर लिलावात द्यायचं, असं त्याने ठरवलं होतं.

‘‘आणि नाहीच निघालं, तर तू ने,’’ असं तो उदार होऊन म्हणालाही होता.

अक्काने आपल्या एका खोलीच्या घरातली पलंगासमोरची भिंत केव्हाच रिकामी करून ठेवली होती.

चित्रांची पारख करणाऱ्या बाई दहाच्या ठोक्याला आल्या. पिशवीतून भिंग निघालं, विजेरी निघाली, शेवटी पक्कड निघाली.

‘‘पक्कड?’’ छोट्या दचकला. ‘‘मॅडम, जपून हं. अमूल्य वस्तू आहे.’’

‘‘अमूल्य आहे की नाही, तेच बघायला बोलावलंत ना?’’

अक्काला बाई तिथेच आवडल्या.

चौकट आजवर कुणी उघडली नव्हती. खिळे कुरकुरत निघाले. बाईंनी चित्र उचललं आणि बोटाने टिचकी मारली. टण्ण!

‘‘पत्रा आहे.’’

‘‘मोठे चित्रकार पत्र्यावरही काढायचे,’’ छोट्या म्हणाला.

‘‘काढायचे. पण चार कोपऱ्यांना खिळ्यांची भोकं पाडून नाही.’’

बाईंनी चित्र उलटं केलं. मागची बाजू सगळी शेंदरी होती. हा रंग अक्काने बाबांच्या नखांत पाहिला होता. आई रॉकेलच्या बोळ्याने ती बोटं एकेक करून पुसायची आणि रोज पुटपुटायची, की जेवायला बसताना तरी माणसात या.

‘‘गंज चढू नये म्हणून हा रंग आधी लावतात,’’ बाई म्हणाल्या. ‘‘दुकानांच्या पाट्यांना.’’

मग त्यांनी विजेरी आडवी धरली. शालीवर रंग पातळ होता. त्याखालून दोन सरळ रेघा दिसल्या. एक खांद्यापाशी, एक हाताच्या वर.

‘‘दोरीला पूड लावायची, ताणायची आणि सोडायची. अक्षरं एका ओळीत यावीत म्हणून. चेहरा काढणारे असं करत नाहीत.’’

अक्का खाली बसली. त्या दोरीचं दुसरं टोक तिने कितीदा धरलं होतं! ‘‘घट्ट धर, अक्के, श्वास सोडू नकोस,’’ बाबा म्हणायचे, आणि फट्! रेघ उमटायची. छोट्या कधी धरायला आला नाही. शाळेत त्याने सांगून ठेवलं होतं, की आमचे बाबा कचेरीत असतात.

‘‘म्हणजे कुणीतरी पाटीवाल्यानं...’’ छोट्या बोलायला लागला आणि तिथेच थांबला.

त्याने बाईंच्या हातातून चित्र घेतलं आणि मागच्या शेंदरी रंगावर बोट फिरवलं.

‘‘सही का नाही मग?’’ त्याने विचारलं.

‘‘पाटीवर नाव गिऱ्हाइकाचं, रंगवणाऱ्याचं नाही. बाबांचं ठरलेलं होतं ते,’’ अक्का म्हणाली.

‘‘अक्का, मी पाहुण्यांना मोठ्या चित्रकाराचं सांगायचो, तेव्हा बाबा तिथेच बसलेले असायचे गं.’’

‘‘असायचे. मग उठून पाणी प्यायला जायचे.’’

बाईंनी चष्मा पुसला. ‘‘बाजारात चौकटीचे पैसे येतील. चित्राचे नाही येणार.’’

अक्काला हवं होतं तेच झालं होतं. पण छोट्याने चित्र पत्र्याच्या कडांनी असं धरलं होतं, की हात लावायचीच भीती वाटावी.

‘‘अक्का, मी नेऊ का हे?’’

‘‘साठ वर्षं दुसऱ्याच्या नावावर खपवलंस, आणि आता नेतोस? शब्द दिलायस मला.’’

‘‘दिलाय,’’ तो म्हणाला. चित्र मात्र त्याने खाली ठेवलं नाही.

अक्का त्याच्याकडे पाहत राहिली. मग उठून तिने चपला पायांत सरकवल्या.

‘‘उचललंयस तर चल तसाच माझ्या घरी. वर्षातून दोनदा येतोस, तोही घड्याळ बघत. आता आईला भेटायला तरी येशील.’’

दुपारी अक्काच्या खोलीत पलंग सरकवला गेला. चित्र सरळ लागायला हवं म्हणून तिने डब्यातली सुतळी काढली आणि खडूच्या चुऱ्यात घोळवली. एक टोक छोट्याच्या हातात दिलं. त्याने ते दोन्ही हातांनी भिंतीला दाबून धरलं.

‘‘घट्ट धर,’’ अक्का म्हणाली, ‘‘श्वास सोडू नकोस.’’