गाळलेली घरघर

मी जुना टेपरेकॉर्डर आहे, मित्रांनो. खांद्याला अडकवायचा, पट्टा असलेला आणि माझ्या काळात चांगलाच ऐटबाज. आता माझं एक बटण दाबलं की आत जातं, पण बाहेर यायला कुरकुरतं. म्हातारपणी एवढं चालायचंच.

आधी मी एका बातमीदाराकडे होतो. तिथे भाषणं ऐकून ऐकून माझे कान किटले. मग जुन्या सामानाच्या दुकानात धूळ खात पडलो आणि तिथून मला ताईने उचललं. ताई संगीतकार. तिने मला घरी नेलं, पुसलं आणि थेट फ्रिजसमोर ठेवून रेकॉर्डिंग सुरू केलं. मला वाटलं, हिचं डोकं ठिकाणावर नाही.

पण काय सांगू तुम्हाला! ती घरघर तिने संथ केली, ताणली, तिच्याखाली जिन्याच्या कठड्याची थरथर ठेवली, मध्येच छत्री उघडल्याचा आवाज सोडला. त्यात शब्द नव्हते, ठेका नव्हता. तरी ऐकणारा माणूस हातातलं काम विसरायचा. तिच्यासोबत मी लिफ्टच्या दारात बसलो, पाण्याच्या टाकीवर चढलो. तिच्याइतकं मन लावून ऐकणारं माणूस मी पाहिलं नाही. जेवण निवत असताना ती भिंतीतल्या पाइपला मला चिकटवून बसायची. आई म्हणायची, “लोकांच्या मुली गाणं शिकतात, आमची नळाला शिकवते.”

ताईचे बाबा मात्र काहीच म्हणायचे नाहीत. त्यांची उभी हयात छापखान्यात मशीन चालवण्यात गेली आणि त्या धडधडीत त्यांचे कान गेले. उरलंसुरलं ऐकणंही हळूहळू जाणार, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ताईने एकच ध्यास घेतला. कान पुरते बंद होण्याआधी बाबांनी आपलं संगीत एकदा तरी ऐकावं.

म्हणून ती मला बाबांच्या छापखान्यात घेऊन गेली. बाबांचं मशीन अजून चालू होतं. मी ते पोटभर ऐकलं. मग ताईने ते आवाज कॉम्प्युटरवर घेतले आणि या कामातली माणसं सगळ्यात आधी करतात तेच केलं. अगदी तळाची जाड घरघर गाळून टाकली. जमिनीची थरथर, रस्त्यावरच्या गाड्या, सगळा गाळ त्यातच येतो ना. हाताला सवयच असते ती.

छोट्या सभागृहात कार्यक्रम झाला. कागद सरकल्याची सळसळ, लोखंडाची किणकिण, सगळं इतकं सुंदर की लोक श्वास रोखून बसले होते. बाबा पहिल्या रांगेत. नंतर ते म्हणाले, “छान झालं.” काय आवडलं, असं ताईने कागदावर लिहून विचारलं. ते म्हणाले, “तू वाजवताना दिसत होतीस ना.”

ताई घरी येऊन न जेवताच झोपली. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, आपलं काय चुकलं ते शोधायला तिने मूळ टेप माझ्यात घातली आणि मला जेवणाच्या टेबलावर ठेवून आवाज मोठा केला. समोर बाबा मटार सोलत होते. त्यांचे हात थांबले. त्यांनी दोन्ही तळवे टेबलावर ठेवले आणि मान तिरकी केली.

“माझं मशीन,” ते म्हणाले.

“बाबा, ऐकू येतंय?” ताईने विचारलं. तो प्रश्न त्यांना ऐकू आला नाही. मशीन येत होतं.

तेव्हा तिला उमगलं. बारीक आवाज बाबांना सोडून गेले होते, जाड आवाज अजून जवळ होते. आणि तेच तिने गाळून टाकले होते. ती तशीच उठली आणि सगळं पुन्हा करायला बसली. या वेळी खालची घरघर आधी, बाकी सगळं तिच्या आधाराने. संध्याकाळी बाबांनी टेबलावर कान टेकवून ते पूर्ण ऐकलं. मग विचारलं, “हे तू केलंस?” ताईने मान हलवली. तिचे डोळे भरून आले होते.

“पुन्हा लाव,” बाबा म्हणाले.

मित्रांनो, तुमच्या घरातही कुणाला कमी ऐकू येत असेल. त्यांच्यावर ओरडू नका, त्यांना सोडूनही देऊ नका. त्यांना अजून काय ऐकू येतं, ते शोधा. आणि सापडलं की उशीर करू नका.