चौदांपैकी तीन

आई दवाखान्यात होती तेव्हा मी तिचे चौदा दागिने घासून लखलखीत केले. घरी आल्यावर तिला बरं वाटावं, एवढाच हेतू होता.

आई चांदीचं काम करायची. पातळ पत्र्यावर छिन्नीने पानं उमटवायची. पानाला शिरा, शिरांना फाटे. मग दागिना गंधकाच्या कढत पाण्यात बुडवून काळाठिक्कर करायचा आणि अंगठ्याला फडकं गुंडाळून उंचवटे तेवढे उजळायचे. हे मला आता माहीत आहे. तेव्हा एवढंच ठाऊक होतं, की त्या खोलीतून नासक्या अंड्यांसारखा वास येतो आणि चांदी काळी पडली की घासायची असते. पुस्तकं मी ढीगभर वाचली, पण भिंतीपलीकडे काय चालतं ते कधी डोकावून पाहिलं नाही.

घरी आल्यावर आई तिच्या कामाच्या बाकापाशी बराच वेळ उभी राहिली. एक कर्णफूल उचलून तिने खिडकीकडे धरलं.

“अगंबाई, आरसेच केलेस की!”

“आवडले?”

“हात भरून आले असतील गं तुझे.”

मी सुखावले. आई ज्या प्रदर्शनात हे दागिने मांडणार होती, त्याला दोन आठवडे होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी घरभर तो वास सुटला. आई स्वेटर घालून बाकाशी बसली होती, बाजूला शेगडीवर पाणी कढत होतं.

“आई, काय चाललंय हे? या वासाने छाती भरते ना तुझी?”

“थोडंच राहिलंय.”

“सगळं घासून झालंय. आता काय राहिलंय त्यात?”

“तू जा, वाचत बस जा.”

“डॉक्टरांनी आराम सांगितलाय.”

“त्यांचं काय जातंय सांगायला! त्यांना थोडंच प्रदर्शनात टेबल मांडायचंय?”

मी शेगडी बंद केली, तिला दंडाला धरून उठवलं आणि खोलीला कुलूप लावलं. किल्ली तिने दोनदा मागितली. दुसऱ्यांदा तर परक्या माणसाकडे मागावी तशी, अगदी हळू. “लहान मुलासारखं करू नकोस,” मी म्हणाले. पुढच्या आठवड्यात ती गेली.

प्रदर्शनाचा माल न्यायला पॉलिशवाले काका आले. गल्लीच्या टोकाला त्यांचं दुकान. तीस वर्षं ते आणि आई एकमेकांच्या कामाला नावं ठेवत आले होते. मी खोलीचं कुलूप काढलं, तसा त्यांनी बाकावरचा एक दागिना उचलून पाहिला.

“एवढे सगळे घासलेस तू?”

“हो.”

मग त्यांनी मला सगळं समजावून सांगितलं.

“आईने मला का नाही सांगितलं?”

“दवाखान्यातून आल्यावर त्यांचा फोन आला होता, तेव्हा मीही तेच म्हटलं. तर म्हणाल्या, ‘माझ्या उशाशी बसून उरलेल्या वेळात घासलेत हो पोरीने. कुठल्या तोंडाने सांगू? गुपचूप पुन्हा काळे करून टाकते.’”

आईचे तीन दागिने पुन्हा करून झाले होते. काकांनी ते मी घासलेल्या उरलेल्या अकरांशेजारी ठेवले. त्या तिघांत पान कुठे वळतं, शीर कुठे संपते, ते दिसत होतं. माझ्या दागिन्यांवर नजर ठरत नव्हती, बस.

“तुम्ही काळे करून द्याल?”

“काळे काय, तासाभरात करीन. पण कुठे पुसायचं नि कुठे राहू द्यायचं, ते त्यांचा अंगठा ठरवायचा. मी केलं तर ते माझं काम होईल. आणि माझं काम त्यांना कुठे पसंत होतं? म्हणायच्या, तुम्ही आपली भांडी घासा.” ते हसायला गेले, पण हसू आलं नाही.

मी तीनच दागिने दिले. प्रदर्शन भरवणाऱ्या बाईंचा लगेच फोन आला. चौदांची जागा ठेवली होती. बाकीचे घासले गेलेत हे त्यांना काकांकडून कळलं होतं; चकचकीत असले तर उलट पटकन विकले जातील, असं त्यांचं म्हणणं.

“नाही पाठवणार,” मी म्हणाले.

“अहो, पण बाकीचं काम कुठे गेलं, असं लोक विचारतील.”

“मुलीने घासून घालवलं, असं लिहा.”

“असं कसं लिहायचं?”

मग मी स्वतःच एका कार्डावर तसं लिहिलं आणि त्या तीन दागिन्यांशेजारी ठेवायला म्हणून ते द्यायला काकांच्या दुकानी गेले.