मेणाचा डावा पाय

नानांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, जन्मभर नवसाविरुद्ध भाषणं केली. त्यामुळे मेरीमातेच्या चर्चला निघण्याआधी त्यांनी भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोला नीट समजावलं. "हात जोडणार नाही. फक्त मेण ठेवून येतो."

साखरेच्या आजाराने त्यांच्या डाव्या पायाचा अंगठा काळा केला होता. डॉक्टर म्हणाले, शुक्रवारपर्यंत बघू. रक्त फिरलं तर वाचेल, नाहीतर गुडघ्याखालून कापू. नानांना पाय हवा होता. पप्पांचं मत वेगळं होतं. आमची परळची चाळ पाडून टॉवर उभा राहतोय, आणि सोसायटीने ठरवलंय की घरात कोणी अपंग असेल तर फ्लॅट निवडायचा पहिला मान त्या घराला. बाकीच्यांनी चिठ्ठीच्या भरवशावर राहायचं. आईला कोपऱ्यातला फ्लॅट हवा होता. हल्ली ती नानांच्या पायाकडे पडद्याचं कापड निवडताना बघावं तशी बघायची. नानांना हे कोणी सांगितलं नव्हतं. उगाच कशाला मन दुखवायचं.

चर्चबाहेर एक आंटी नवसाला ठेवायचे मेणाचे हात, पाय, बाळं, घरं मांडून बसली होती. एक विमानही होतं.

"डावा पाय द्या," नाना म्हणाले.

"मेणाला डावा-उजवा नसतो, अंकल. वर समजतं."

"आणि नाही समजलं तर? माझा उजवा चांगला आहे."

आंटीने तोच पाय उलटा करून दिला. नानांचं समाधान झालं. तेवढ्यात पप्पांनी मागून घर घेतलं.

दारातल्या संगमरवरी भांड्यातल्या पाण्यात लोक बोट बुडवून कपाळाला लावत होते. नानांनी बोट बुडवलं आणि वाकून बँडेजला लावलं. बाकाखाली गुडघे टेकायची फळी होती, तिच्यावर त्यांनी दुखरा पाय ठेवला. मागच्या बाईने सांगितलं, ती फळी प्रार्थनेसाठी आहे.

"तेच चाललंय," नाना म्हणाले.

बाजूला जाळीच्या खिडकीचं उंच लाकडी कपाट होतं. "सम्यक, ही लिफ्ट का रे?"

"नाही, नाना. त्यात बसून फादरला आपली पापं सांगतात."

नानांनी पप्पांकडे बघितलं. "राजरत्न, तू जाऊन ये. आम्ही थांबतो."

समोर वेदीवर मेणबत्त्या, मधोमध छोटी सोनेरी पेटी आणि तिच्याजवळ लाल दिवा.

"असा दिवा हॉलमध्ये छान दिसेल," आई पुटपुटली.

"कुठल्या हॉलमध्ये?" नानांनी विचारलं.

आमच्या चाळीच्या खोलीला हॉल नाही. खोलीच आहे. आई लाल दिव्याकडे फारच भक्तीने बघू लागली.

मेरीमातेच्या पुतळ्यापुढचं टेबल मेणाने भरलं होतं. नानांनी कडेला जागा करून पाय ठेवला. पप्पांनी शेजारी घर सरकवलं. घर बसलं, पाय खाली पडला आणि घोट्यापासून तुटला.

पप्पा म्हणाले, "चांगलं लक्षण आहे. डॉक्टर तर गुडघ्याखालून म्हणत होते."

नाना तुकडे न उचलता घराकडे बघत राहिले. "हे कशाला आणलंस?"

पप्पांनी सांगून टाकलं. सोसायटीचा नियम, पहिला मान, कोपरा, खेळती हवा. अगदी हळू आवाजात सांगितलं, कारण चर्चमध्ये मोठ्याने बोलत नाहीत.

"पाय माझा आहे," नाना म्हणाले.

"खोली तुमच्या नावावर, पाय तुमचा. नाना, आमचं म्हणून काही आहे का?"

नानांच्या भाषणांमध्ये हा मुद्दा कधी आला नव्हता.

शुक्रवारी डॉक्टरांनी बँडेज सोडलं, बोटं दाबून बघितली आणि ते हसले. रक्त फिरत होतं. फार तर अंगठा जाईल.

"पक्कं ना?" पप्पांनी विचारलं. "म्हणजे घाईघाईत सांगत नाही ना तुम्ही?"

आईने बाहेर जाऊन मावशीला फोन लावला. "हो गं. वाचला," ती म्हणाली आणि तिने नाक पुसलं. बाकावरची अनोळखी बाई उठून तिला पाणी द्यायला आली.

आत नानांनी आधी पप्पांकडे, मग माझ्याकडे बघितलं. मी मोबाइलमध्ये फ्लॅटचा नकाशा बघत होतो, तो बंद केला.

"डॉक्टर," नाना म्हणाले, "तरीसुद्धा कापायचाच म्हटला, तर चालतं का?"

डॉक्टर मोठ्याने हसले. त्यांना म्हातारा विनोदी वाटला.

पप्पांनी खुर्ची पुढे ओढली.