टायरचं पोट

स्टेपनी कुठं आहे, हे अमृतला चांगलं ठाऊक होतं. ती घरी होती, शेडच्या पत्र्यावर. परवा वारं सुटलं तेव्हा पत्रे उडू नयेत म्हणून दगडांच्या जोडीला त्यानं तीही वर चढवली होती, आणि आज निघताना उतरवायची राहून गेली. आता नळदुर्गच्या अलीकडं पिकअपचं मागचं चाक खड्ड्यात आदळलं होतं, आणि टायर रिंगवरून सुटून लोळत पडलं होतं.

शेड त्याच्या बायकोची, पौर्णिमाची. कोंबड्या पाळायचा हट्ट तिचा, म्हणून तिसऱ्या महिन्यातलं लेकरू घेऊन ती स्वतः पिल्लं आणायला आली होती, आणि लेकरू आलं म्हणून सासू पुतळाबाई आल्या होत्या. पिल्लं कालच अंड्यातून निघालेली. भोकांच्या खोक्यांत भरून देताना उबवणी केंद्रातल्या माणसानं एवढंच बजावलं होतं, "गाडी थांबवू नका. चहाला सुदिक न्हाय." गाडी पळते तोवर वारा खेळतो, उभी राहिली की खोक्यांची भट्टी होते.

खोकी बाभळीखाली उतरवून पौर्णिमा पुठ्ठ्यानं वारा घालत होती. आतून नुसता कलकलाट चालला होता.

"फुटलं न्हाय, नुसतं सुटलंय," अमृत म्हणाला. "हवा भरली की बसंल."

"मग भर की. टायरकडं बघून भरती व्हय हवा?" पुतळाबाई म्हणाल्या.

बॅटरीवरचा पंप घुरघुरला. जेवढी हवा आत गेली, तेवढी कडेनं फुस्स करून बाहेर आली. तेवढ्यात एक ट्रक थांबला. ड्रायव्हर बंडप्पा उतरला, कानडी हेलात म्हणाला, "टायरची कड रिंगला चिकटंना, मग हवा राहील कशी?" त्यानं ट्रकच्या टाकीतल्या हवेचा पाइप आणला. टायरच्या कडेला साबण लावायला हवा होता; पौर्णिमानं लेकराची वडी दिली. फेस झाला, बुडबुडे आले, टायर मात्र बसलं नाही.

"थोडं पेट्रोल शिंपडून काडी वढली की धाडकन बसतंय बघा. आमच्याकडं करतेत."

"तुमच्याकडं करतेत तर तुझ्या टायरला कर," पुतळाबाईंनी नातवाला पदराआड घेतलं. "हितं माझं लेकरू हाय."

"बरं अव्वा, ऱ्हायलं." बंडप्पानं कान पकडले. "मग मधून आवळायला पायजे."

खोक्यांची नायलॉनची दोरी गुंडाळून बघितली. ती बारीक. एका जागी रुतली, बाकीचं टायर ढिम्म.

पौर्णिमाचा पुठ्ठा थांबला. खोक्यातला कलकलाट कमी झाला होता. तिनं कान लावला. पिल्लं ओरडत होती तोवर बरं होतं.

आणि सकाळपासून जे तिला टोचत होतं, उकडत होतं, कधी एकदा सोडते असं झालं होतं, तेच तिला आठवलं. बाळंतपणापासून सासूबाई रोज तिचं पोट जुन्या लुगड्यानं बांधत. मधी आवळलं की वरनं आणि खालनं अंग फुगून बाहेर येतं. टायरच्या कडांचंही तेच होईल.

ती ट्रकच्या आड गेली आणि लुगडं सोडून घेऊन आली.

"अगं, पोट सुटंल!"

"पोटाचं मागनं बघू, आत्या. टायरचं बांधा. तुमचाच हात पायजे, मला आवळता तसंच."

पुतळाबाईंनी लेकरू तिच्याकडं दिलं. लुगड्याची रुंद घडी टायरभोवती फिरवली, गाठीत चाक खोलायची लोखंडी टॉमी घातली, पाय टेकवला आणि पीळ दिला. सवयीनं तोंडातून गेलं, "हं, श्वास सोड."

बंडप्पा इतका हसला की पाइप हातातून सुटला.

टायर मधी दबलं, कडा फुगून रिंगला भिडल्या. या वेळी फुस्स आलं नाही. टप्प असा एक आवाज झाला.

"आता सैल करा, अव्वा, न्हायतर फाटंल!"

लुगडं निघालं, पुन्हा हवा गेली, दुसरी कड टप्पकन बसली. लुगड्यावर काळा पट्टा उठला होता.

खोकी चढवली. पौर्णिमा मागं खोक्यांजवळच बसली. सगळं गप्प होतं. गाडीनं वेग धरला, भोकांतून वारा शिरला. नळदुर्ग मागं पडलं तरी ती एका खोक्यावर हात ठेवून होती. मग आतून एक बारीक चिव आली. थोड्या वेळानं दुसऱ्या खोक्यातून एक.

घरी काही पिल्लं उठलीच नाहीत. तिनं ती बाजूला काढली. बाकीच्यांना गुळाचं पाणी दाखवलं. एकेकाची चोच धरून बुडवली, मग ती आपली आपण पिऊ लागली. अमृत शिडी लावून स्टेपनी उतरवायला गेला.

"आधी तिथं दगूड ठेव, मग काढ," पुतळाबाई खालून ओरडल्या.

दिवेलागणीला त्यांनी हाक मारली. लुगडं धुऊन वाळलं होतं. पट्टा गेला नव्हता. पौर्णिमानं हात वर केले.

"श्वास सोड."

ती हसायला लागली, मग त्याही. पहिला पीळ वाया गेला. दुसऱ्यांदा ती गप्प उभी राहिली. शेडमधून कलकलाट येत होता. तो ऐकत तिनं श्वास सोडला.