भोंग्याच्या पायाची पट्टी

पट्टी बांधावी तर मी, असं कारखान्यात म्हणायचे. म्हणजे आधी मीच म्हणायचो आणि मग बाकीचे माना डोलवायचे. सत्तावीस वर्षं मी प्रथमोपचाराच्या खोलीत काढली. कुणाचं बोट यंत्राच्या पट्ट्यात गेलं, कुणाच्या पायावर लोखंड पडलं, की आधी माझ्याकडे. माझं पद ड्रेसरचं, पण अख्खा कारखाना मला डॉक्टर म्हणायचा, आणि खरं सांगतो, मी कधी कुणाची चूक दुरुस्त केली नाही. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी शर्टाच्या खिशात पट्टी कापायची कात्री असायचीच. ही म्हणायची, "अहो, झोपताना तरी काढा, एक दिवस स्वतःलाच भोसकून घ्याल." ही म्हणजे माझी बायको. तिच्या जिभेला वेगळी धार लावावी लागत नाही.

दादा, माझा थोरला भाऊ, त्याच कारखान्यात फिटर होता. आमची घरं एकमेकांना चिकटून, मध्ये एकच भिंत, मागचं अंगण सामाईक. दादाला जाऊन दोन वर्षं झाली. मूलबाळ नाही. मागे राहिल्या वहिनी आणि भोंगा.

भोंगा हा दादाचा कुत्रा. तपकिरी रंगाचा, एक कान उभा, एक पडलेला. कारखान्याचा पाचचा भोंगा वाजला की हे पिल्लू मान वर करून त्याच्या सुरात सूर मिसळायचं, म्हणून ते नाव. पुढे कारखान्याने आपला भोंगा बंद केला, पण याने काही केला नाही. रोज पाचला फाटकाशी जाऊन एकदाच लांबलचक ओरडायचा, की दादा घरी यायची वेळ झाली. दादा गेल्यावरही ओरडायचा. त्या आवाजावर वहिनी चहाचं आधण ठेवायच्या आणि आमच्या मधल्या भिंतीवर टकटक करायच्या. पाचचा चहा मी त्यांच्याकडे घ्यायचो. दोन वर्षांत एक दिवस खंड नाही. बोलणं फारसं नसायचं. त्या म्हणायच्या, "साखर पुरे ना, भावजी?" मी म्हणायचो, "पुरे." पण त्या पाऊण तासात दादा घरात असल्यासारखं वाटायचं.

एका रविवारी दुपारी भोंगा मांजरामागे धावताना मागच्या कुंपणाच्या पत्र्यावरून उडी मारायला गेला. बारा वर्षांचं वय, उडी पुरी पडली नाही. पुढचा डावा पाय कापला. वहिनींची हाक ऐकून मी धावलो तर अंगणात रक्ताचे ठिपके आणि त्या त्याला छातीशी धरून उभ्या.

"भावजी, गाडी बोलवा. जनावरांचा दवाखाना रविवारी पण उघडा असतो, मी चौकशी करून ठेवलीय."

"उघडा असतो, पण तातडीचे म्हणून तिप्पट पैसे घेतात," मी म्हणालो. "एवढ्याशा जखमेला! अहो, मी माणसांचे हातपाय सांभाळलेत, याचा नाही सांभाळणार?"

"पैशांचं काही नाही हो, बाजूला ठेवलेत मी."

"ठेवा तसेच. मी आहे ना."

ही दारातून ओरडली, "पैसे वहिनी देतायत, तुमच्या का पोटात दुखतंय? न्या की त्याला!"

खरं काय ते आज सांगतो, तेव्हा स्वतःलाही सांगितलं नव्हतं. पैशांचा प्रश्नच नव्हता. सहा वर्षांत माझ्याकडे कुणी एक खरचटलेलं कोपर घेऊनही आलं नव्हतं. आणि आता समोर जखम होती, रक्त होतं, माझी पेटी होती. मला हाताला काम हवं होतं. बस्स, एवढंच.

पेटी आणली. जखम धुतली, केस कापले, औषध लावलं, वर कापूस ठेवला आणि पंजाच्या वरून कोपरापर्यंत क्रेपची पट्टी ओढून बांधली. रक्त थांबायला हवं म्हणून जरा घट्टच. पंजा मुद्दाम उघडा ठेवला, माणसाची बोटं ठेवतो तशी. बांधून झाल्यावर लांब होऊन पाहिलं. एकसारखे वळसे, कुठे चुणी नाही. वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुम्ही होतात म्हणून," त्या म्हणाल्या. मला त्या रात्री फार छान झोप लागली.

आता एक गोष्ट सांगायलाच हवी. कारखान्यात नवी पोरं शिकायला आली की मी त्यांना एक नियम घोकून घ्यायला लावायचो. पट्टी बांधली की अर्ध्या तासाने त्याच हाताचं नख दाबायचं आणि सोडायचं. पांढरं होऊन परत गुलाबी झालं तर ठीक. नाही झालं तर पट्टी सोडायची, मग तुमचा बाप आडवा आला तरी. आणि माणसाला विचारायचं, मुंग्या येतायत का? शेकडो पोरांकडून मी हे म्हणून घेतलं. भोंग्याची नखं काळी होती. काळं नख दाबून काय दिसणार? मी दाबलं, काही कळलं नाही, आणि मी उठलो. हात धुतले. चहा प्यायलो.

सोमवारी सकाळी तो पंजा चाटत होता. नुसता चाटत नव्हता, वेड्यासारखा चाटत होता, आणि दातांनी पट्टी ओढून ओढून तिचं टोक सैल केलं होतं. मला राग आला. एवढी सुरेख पट्टी! "खोडी नको करू," म्हणून दटावलं आणि परत आवळून बांधली. तरी चाटायचं थांबेना, तेव्हा जुन्या प्लास्टिकच्या बादलीचा तळ कापून त्याच्या गळ्यात अडकवली. तोंड पायापर्यंत पोचेनाच. आमची ही ते ध्यान पाहून हसली, वहिनीही हसल्या. मीही माझ्या अकलेवर खूश. रात्रभर तो कण्हत होता. भिंतीतून मलाही ऐकू येत होतं. मी कूस बदलली आणि म्हणालो, जखम भरताना दुखतंच.

मंगळवारी संध्याकाळी तो शांत झाला. पाचला फाटकाशी गेला नाही, पण कण्हणंही थांबलं. "पाहिलंत?" मी चहा पिता पिता म्हणालो, "आराम पडला."

"बोटं गार लागतायत, भावजी."

"फरशी गार आहे ना."

"पाणीपण पीत नाहीये."

"अहो वहिनी, आजारी माणूस कधी पोटभर जेवतो का? उगाच जीव खाली-वर करू नका."

वहिनींनी आयुष्यात मला उलट उत्तर दिलं नाही. घरी ही म्हणाली, "अति शहाणा त्याचा बैल रिकामा. उद्या त्याला घेऊन जा, नाहीतर मी नेते." मी म्हटलं, तू तुझं स्वयंपाकघर बघ. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तो असा. बुधवारी तो दिवसभर पडून होता, तेव्हाही झोपू द्या म्हणून मी दोघींना अडवलं.

गुरुवारी सकाळी सात वाजता भिंतीवर टकटक झाली. गेलो तर वहिनी चप्पल घालून तयार. "वास येतोय," एवढंच म्हणाल्या. मला दारातच आला. तो वास मी सत्तावीस वर्षांत दोनदा घेतलाय आणि दोन्ही वेळा माणसाचा पाय गेला होता. मी भोंग्याला चादरीत उचललं. ही धावत जाऊन गाडी घेऊन आली आणि घर बघायला मागे थांबली.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरबाई होती. आमच्या भाच्यांच्या वयाची. तिने बादली काढली. तीन दिवसांनी मोकळं झाल्यावर भोंग्याने काय करावं? माझा हात हुंगला आणि टेबलावर शेपटी दोनदा आपटली. राग धरायची अक्कलच नव्हती त्या जनावराला.

तिने पट्टी कापली. काय दिसलं ते सांगत नाही. तो पंजा पंजा उरलाच नव्हता.

"चार दिवस एकदाही सोडली नाही?" डॉक्टरबाईने विचारलं.

"सोमवारी परत घट्ट केली," वहिनी म्हणाल्या.

"कुणी बांधली ही?"

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. ज्या माणसाने कारखान्याच्या मोठ्या साहेबालाही तोंडावर सुनावलं होतं, त्याची त्या टेबलापाशी दातखीळ बसली.

"मी बांधली," वहिनी म्हणाल्या.

डॉक्टरबाईने वहिनींच्या हातांकडे पाहिलं. वहिनींची बोटं संधिवाताने वाकडी झालीत. त्यांना बरणीचं झाकण उघडत नाही, भोंग्याच्या पट्ट्याची कडीसुद्धा मीच लावून द्यायचो. त्या बोटांनी असे एकसारखे वळसे? मग तिने माझ्याकडे पाहिलं. खिशातून कात्रीच्या दांड्या बाहेर डोकावत होत्या. त्यानंतर ती जे बोलली ते सगळं वहिनींना उद्देशून बोलली, पण बघत होती माझ्या खिशाकडे.

"जखम तीन टाक्यांची होती, आजी. त्याच दिवशी आणला असता तर आज घरात धावत असता. पाय पट्टीमुळे गेलाय, जखमेमुळे नाही. माणूस घट्ट झाली म्हणून सांगतो. हा चाटून सांगत होता."

वहिनींनी मान खाली घातली, अगदी खरोखर त्यांचीच चूक असल्यासारखी. आणि मी उभा. आत्ता बोल, आत्ता बोल, असं आतून कुणीतरी ढकलत होतं. मी नाही बोललो. भोंग्याचा जीव माझ्या अडाणीपणाने गेला असं म्हणता येईल, पण हे गप्प राहणं अडाणीपणाने झालं नाही. हा निव्वळ भेकडपणा होता.

डॉक्टरबाई म्हणाली, पाय खांद्यापासून काढावा लागेल, पण विष अंगात भिनलंय, वयही झालंय, भूल सोसेल असं वाटत नाही. तुम्ही म्हणत असाल तर प्रयत्न करते.

वहिनींनी विचारलं, "त्याला दुखतंय?"

"आता ताप आहे, ग्लानी आहे. पहिले दोन दिवस मात्र खूप दुखलं असणार. मग पायच मेला, म्हणून शांत वाटला असेल."

मंगळवारचा तो चहा आठवला. आराम पडला, म्हणालो होतो मी.

वहिनी बराच वेळ त्याचा पडलेला कान कुरवाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "नको. आता त्याला आणखी नको काही." कायमचं झोपवायची सुई दिली तेव्हा त्याचं डोकं त्यांच्या वाकड्या बोटांत होतं. मी मागचा भाग धरून उभा होतो. श्वास थांबलेला मला आधी कळला, एवढं शिक्षण होतं माझं. तरी मी सांगितलं नाही. त्यांना आणखी अर्धा मिनिट तो जिवंत वाटू दिला.

घरी येताना गाडीत मधल्या जागेवर नुसती चादर होती. त्यांच्या दाराशी आल्यावर मला राहवलं नाही. "वहिनी, तुम्ही तसं का सांगितलंत? बांधली तर मी होती."

त्या कुलूप उघडायचा प्रयत्न करत होत्या, किल्ली फिरत नव्हती. मी हात पुढे केला. त्यांनी किल्ली दिली नाही. दोन्ही हातांनी धरून, वेळ लागला तरी, स्वतःच फिरवली.

"हे जाताना मला दोनच गोष्टी सांगून गेले," त्या म्हणाल्या. "भोंग्याला जप. आणि धाकट्याला चारचौघांत कुणी बोललेलं सोसत नाही, त्याला सांभाळून घे. एक तर हातून गेलीच होती, भावजी. म्हटलं, दुसरी तरी राहू दे."

मी रडलो. लाज कसली सांगायला, दादा गेला तेव्हा रडलो नव्हतो तेवढा त्या उंबऱ्यावर रडलो. त्या थांबल्या. माझं होऊ दिलं. मग अगदी हळू म्हणाल्या, "थोडे दिवस चहाला येऊ नका. मला तुमचा राग आलाय. आणि तुमच्यावर रागवायची मला सवय नाही हो, ते घेऊन कसं बसायचं, मला कळत नाहीये."

दार लागलं. जोरात नाही, नेहमीसारखंच.

त्याला आता सात आठवडे झाले. कात्री मी पेटीत टाकली आणि पेटी माळ्यावर. ही हल्ली टोमणे मारत नाही, त्याने आणखीच जीव जातो. दवाखान्यातही जाऊन आलो. डॉक्टरबाईला म्हटलं, ती पट्टी माझी होती. ती म्हणाली, "माहीत आहे," आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं. उशिरा आलेल्या पेशंटला आणखी काय सांगणार?

पाचच्या सुमाराला मी भिंतीला पाठ लावून बसतो. फाटकाशी कुणी ओरडत नाही, त्यामुळे पाच कधी वाजले ते घड्याळात बघावं लागतं. पलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज येतो, स्टोव्ह पेटल्याचा येतो. कप एकच ठेवलेला ऐकू येतो. कितीदा मूठ उचलतो, भिंतीवर एकदा वाजवावं म्हणून. पण टकटक त्यांनी करायची असते. मी बसून राहतो.