देवाने अजून सांगितलेलं नाही

वत्सलाबाईंनी पिशवीतून घडी केलेली पांढरी साडी काढली आणि पाळकांच्या टेबलावर ठेवली.

"ही दुसऱ्या कुणाला तरी द्या, पास्टर. माझ्या नशिबात न्हाई ती."

साडी बाप्तिस्म्याची होती. गोव्यातल्या डिचोलीच्या बाजारामागे एका भाड्याच्या हॉलमध्ये भरणाऱ्या छोट्याशा मराठी ख्रिस्ती मंडळीचा प्रशांत नवा पाळक. आधी बेळगावहून एक वयस्क पाळक येत आणि नदीत उतरून, माणसाला पाण्यात बुडवून वर काढत बाप्तिस्मे देत. आता ते काम प्रशांतचं होतं, आणि त्याला पाण्याची भीती वाटायची. साधीसुधी नव्हे, पाणी गुडघ्याच्या वर आलं की छातीत धडधडायचं आणि पाय आपोआप काठाकडे वळायचे. दर रविवारी 'भिऊ नका' म्हणून घसा ताणणाऱ्या माणसाला हे कुणाजवळ बोलायची सोय नव्हती.

म्हणून तो बाप्तिस्मा पुढे ढकलत राहिला. आधी म्हणाला, नदीचं पाणी खाणीच्या मातीने लाल झालंय. मग भरती-ओहोटीची वेळ जुळेना. कारणं संपली तेव्हा मात्र त्याने व्यासपीठावरून डोळे मिटून सांगितलं, "देवाने अजून सांगितलेलं नाही." लोकांनी 'आमेन' म्हटलं आणि पुन्हा कुणी विचारलं नाही. हे इतकं सोपं असेल असं त्यालाही वाटलं नव्हतं.

"असं का म्हणता?" त्याने विचारलं.

"देव थांबवतोय ते माझ्यामुळंच की." वत्सलाबाई खुर्चीच्या कडेवर टेकल्या. "बाप्तिस्म्याला थांबलेली बाकीची समदी पोरंसोरं. त्यांचं काय पाप असणार? मीच एक म्हातारी. म्हणून गडहिंग्लजला जाऊन आले."

"गडहिंग्लजला?"

"जावंकडं, मंजुळाकडं. मधल्या भिंतीवरनं भांडण झालं तवापासनं तोंड बघत नव्हतो एकमेकींचं. चूक तिचीच हुती, पर मीच जाऊन पाय धरलं. समद्या गल्लीच्या म्होरं. तिनं 'ऊठ'सुद्धा म्हटलं न्हाई." त्यांनी पदराने नाक पुसलं. "तरीबी गेल्या रविवारी तुम्ही तेच बोललासा. म्हंजे अजून कायतरी राहिलंय. काय राहिलंय तेवढं देवाला इचारून सांगा. मला तर आठवंना झालंय."

प्रशांतने मान खाली घातली. हल्ली प्रभुभोजनात प्रभूच्या नावाने भाकरी वाटली जाई तेव्हा या बाई शेवटच्या रांगेत, चपलांजवळ बसत आणि भाकरीचं ताट हात न लावताच पुढे जाऊ देत. त्याने ते पाहिलं होतं. तब्येत बरी नसेल, अशी स्वतःची समजूतही घातली होती.

उत्तर तयार होतं. 'देवाने आता सांगितलं' एवढंच म्हणायचा अवकाश, बाई डोळे पुसून घरी गेल्या असत्या आणि पाळकाची अब्रू झाकलेली राहिली असती. शब्द ओठांवर आलेसुद्धा. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की इतक्या महिन्यांत आपण देवाला हे एकदाही विचारलेलं नाही. विचारलं तर तो 'उतर' म्हणेल, हे पक्कं ठाऊक होतं. त्याला स्वतःची किळस आली.

"तुमचं काही राहिलेलं नाही, वत्सलाकाकू," तो म्हणाला. "देवाने काही थांबवलेलं नाही. मी थांबवलं. मला पाण्याची भीती वाटते. ते सांगायची लाज वाटली, म्हणून मी देवाचं नाव पुढे केलं."

वत्सलाबाई खुर्चीवरून उठल्या.

"म्हंजे मी मंजुळाचं पाय धरलं ते फुकटच?"

बाईंनी साडी उचलली, पिशवीत कोंबली आणि निरोपही न घेता जिना उतरून गेल्या.

रविवारी त्याने वत्सलाबाईंचं नाव तेवढं वगळून हे सगळ्यांपुढे सांगितलं, आणि बाप्तिस्मा आज दुपारीच देणार असंही. या खेपेला कुणी 'आमेन' म्हटलं नाही. दुपारी नदीवर मात्र सगळे आले. वत्सलाबाईही आल्या, पांढरी साडी नेसून. त्या त्याच्याकडे बघत नव्हत्या.

होडीवाल्या शंभूने पाण्यात एक बांबू रोवून ठेवला होता. "सुकती लागली, पाद्रीबाब," तो ओसरणाऱ्या पाण्याकडे बोट दाखवत म्हणाला. "पाणी कमरेइतक्याच आसा. भिया नकात."

प्रशांतला मोठी प्रार्थना सुचली नाही. 'प्रभू, सांभाळ' एवढंच मनात म्हणून तो उतरला. पाय चिखलात रुतले. पाणी मांड्यांवर चढलं तसा त्याने बांबू गच्च पकडला. अंगाची थरथर काठावरच्या सगळ्यांना दिसत होती, आणि ती लपवायला आता काही कारणही हाताशी नव्हतं.

सगळ्यांत आधी वत्सलाबाई आल्या. पाणी सारत सरळ त्याच्यासमोर उभ्या राहिल्या.

"प्रभूवर पूर्ण भरवसा ठेवता?" त्याने विचारलं.

"ठेवते." मग काठावर ऐकू जाणार नाही अशा बेताने त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही? या कामाला दोन हात लागत्यात."

त्याने बांबू सोडला. तोल जायच्या आत वत्सलाबाईंनी त्याचं मनगट धरलं. राग त्यांच्या चेहऱ्यावरून अजून गेला नव्हता.