नानांनी वाचलेला आकडा आणि माझा पारा

वाचक मित्रांनो, प्रस्तुत लेखात एका निर्जीव वस्तूचे जीवनचरित्र तिच्याच मुखाने कथन करण्यात येत आहे. एका वृद्ध मातेच्या जिवावर बेतलेला प्रसंग आणि एका सज्जन गृहस्थाने प्रेमापोटी केलेले असत्य भाषण यांची हकीकत त्यात येईल. तरी ती शांत चित्ताने वाचावी, ही नम्र विनंती.

मी एक जुने रक्तदाब मोजण्याचे यंत्र आहे. पत्र्याची पेटी, तिच्यात काचेची उभी नळी, नळीत पारा, दंडाला गुंडाळायचा कापडी पट्टा आणि हवा भरायचा रबरी फुगा, एवढाच माझा संसार. माझा जन्म कोणत्या कारखान्यात झाला, त्याचे स्मरण मला राहिलेले नाही. माझे खरे आयुष्य जामनेरच्या एका दवाखान्यात सुरू झाले. तेथे लीलाधर नाना कंपाउंडर होते. बाजाराच्या दिवशी शेतकरी येत, त्यांच्या बाहीला कापसाचे तंतू चिकटलेले असत आणि पट्टा सोडल्यावर ते माझ्या अंगावर राहून जात. नाना रोज सायंकाळी ते एक एक करून वेचून काढीत. इतकी माया मला पुन्हा कोठेही लाभली नाही.

पुढे डॉक्टरसाहेब थकले, दवाखाना बंद झाला आणि त्यांनी मला नानांच्या स्वाधीन केले. नानांना मूलबाळ नव्हते. पत्नीच्या निधनानंतर ते जळगावजवळच्या ‘सावली’ नावाच्या ज्येष्ठ निवासात राहावयास आले. एका हातात कपड्यांची पिशवी आणि दुसऱ्या हातात मी, असे आमचे तेथे आगमन झाले.

मित्रांनो, ‘सावली’च्या मागे केळीची बाग आहे आणि पुढे एक प्रशस्त ओटा आहे. रोज सकाळी सर्व रहिवासी त्या ओट्यावर जमत. कोणाच्या मुलाचा फोन आला, कोणाचा गुडघा दुखला, कोणाला झोप लागली नाही, हे सर्व समाचार तेथेच कळत. तदनंतर नाना मला उघडीत. तेथे अशी रीत पडली होती की नानांनी प्रत्येकाचा आकडा मोठ्याने वाचावयाचा आणि तो चांगला असल्यास सर्वांनी ‘वा!’ म्हणावयाचे.

शिंदखेड्याचे लोटन आबा सर्वांच्या आधी बाही वर करीत. “नाना, मना कितला शे ते आधी सांग. कमी व्हई ते आज लोणचं खासू!”

“एकशे तीस, आबा!”

“वा!” असा गजर होई.

“आबा, तुमचं बीपी कमी हाये, पन आवाज लय वाढेल हाये!” मुक्ताईनगरकडच्या बेबाबाई असे म्हणत आणि ओटा हसून हसून हलत असे.

परंतु ज्याचा आकडा वाढलेला निघे, त्याची दशा निराळी होई. जो तो त्याला औषध सुचवी, कोणी त्याच्या ताटातले लोणचे उचली आणि तो मनुष्य दिवसभर एकटा बसून राही. नानांना ते पाहवेना. म्हणून त्यांनी आकड्यातून थोडे वजा करून वाचण्यास सुरुवात केली. ज्याचे वाढलेले असेल, त्याचे मीठ कमी करण्यास ते स्वयंपाकघरात हळूच सांगत. आपण काही वाईट करीत आहोत, असे त्यांना स्वप्नातही वाटले नसेल. ओट्यावरील सर्वांचे डोळे अधू होते, त्यामुळे माझा पारा कोठे आहे, हे नानांखेरीज कोणालाच दिसत नसे. मला सर्व दिसत होते, परंतु मला वाचा नव्हती.

धुळ्याच्या एका कापड व्यापाऱ्याच्या पत्नी भंवरीबाई या आमच्याच निवासात राहत. त्यांच्या नातीचे लग्न राजस्थानात ठरले. त्यांचे चिरंजीव मांगीलाल यांनी फोनवर स्पष्ट सांगितले होते की बीपी ठीक असेल तरच गाडी पाठवतो, प्रवास लांबचा आहे. त्या दिवसापासून भंवरीबाई पट्टा बांधताना नानांकडे काकुळतीने पाहू लागल्या. लग्न जवळ येत गेले तसा माझा पारा वर वर थांबू लागला. नाना मात्र रोज वाचीत, “एकशे चाळीस!” सर्वजण म्हणत, “वा!”

त्याच सुमारास बेबाबाईंच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. परत आल्यावर त्या जे दिसेल ते सांगत सुटल्या. आमच्या व्यवस्थापिका कामिनीताई यांना तर त्या म्हणाल्या, “माय, तुझी साडी मी निळी समजत होती, ते हिरवी निघाली!”

गाडी येण्याच्या आदल्या सकाळी बेबाबाई माझ्या अगदी जवळ बसल्या. नानांनी भंवरीबाईंना पट्टा बांधला, फुगा दाबला, हवा सोडली आणि वाचले, “एकशे चाळीस!”

कोणी ‘वा’ म्हणण्याच्या आत बेबाबाई बोलल्या, “नाना, थांबा. पारा तं पार वरतीच थरथरत होता. तुम्ही तो खाली आल्यावर बोलले.”

“बेबाबाई, ठोके ऐकायची नळी माझ्या कानात आहे की तुमच्या?”

“कान तुमचे हायेत, पन डोळे माझे नवे हायेत. परत मोजा.”

“मोजू नका नाना!” भंवरीबाईंनी दंड मागे ओढला. “उद्या गाडी येणार आहे. म्हारी पोतीचं लग्न आहे, बाई. तुमचं काय जातं?”

“माझं काय जातं? सकाळी जिच्यासोबत बसते, ते माणूस जातं!”

भंवरीबाईंनी दंड पुन्हा पुढे केला. नानांनी पुन्हा पट्टा बांधला. या वेळी त्यांनी आकडा मोठ्याने वाचला नाही. ते खाली वाकले आणि भंवरीबाईंच्या कानात बोलले.

भंवरीबाईंनी विचारले, “काल पण इतकंच होतं?”

“हो.”

“परवा?”

नानांनी मान खाली घातली.

कामिनीताईंनी तत्काळ रिक्षा बोलावली. जळगावच्या डॉक्टरांनी भंवरीबाईंना दवाखान्यातच ठेवून घेतले. या अवस्थेत प्रवास घडला असता तर वाटेतच अर्धांगवायू झाला असता किंवा प्राणही गेला असता, असे ते म्हणाले. भंवरीबाई वाचल्या, परंतु लग्न हुकले. ते त्यांनी खाटेवरून मोबाइलवर पाहिले. मोबाइल लोटन आबांनी धरला होता, त्यामुळे नवरीपेक्षा आबांचे बोटच अधिक दिसले.

परत आल्यावर भंवरीबाई कित्येक दिवस नानांशी बोलल्या नाहीत. नाना मला उघडीत आणि कोणी येण्यापूर्वीच मिटून ठेवीत. अखेर एका सकाळी भंवरीबाई स्वतः येऊन बसल्या व बाही वर करीत म्हणाल्या, “कानात सांगा, नाना. पण खरं सांगा.”

तेव्हापासून ओट्यावर आकडा मोठ्याने वाचणे बंद झाले.

आता माझ्या जागी विजेवर चालणारे नवे यंत्र आले आहे. माझी नळी फुटली तर पारा सांडून विषबाधा होईल, म्हणून मला रीतसर जमा करावयाचे ठरले. मला त्याचे दुःख नाही. नवे यंत्र ज्याचा आकडा त्यालाच दाखविते, हे मला फार आवडले.

मला पाठविण्यापूर्वी नानांनी मला एकवार उघडले आणि पट्टा बेबाबाईंच्या हाती दिला. आम्ही इतकी वर्षे सोबत होतो, परंतु नानांचा दंड माझ्या पट्ट्यात कधीच आला नव्हता. ठोके ऐकण्याची नळी कानाला कशी लावावी, ते त्यांनी बेबाबाईंना अगोदरच शिकविले होते. बेबाबाईंनी दोनदा मोजले. मग त्या वाकून नानांच्या कानात बोलल्या.

नानांनी बाही खाली केली, बटण लावले आणि विचारले, “उद्या दवाखान्यात माझ्यासोबत येता का?”

“येते ना. त्यात इचारायचं काय?”

तो आकडा किती होता, हे मी सांगणार नाही. तो नानांचा आहे.

मित्रांनो, आपल्या घरातील वृद्ध माणसांना वाईट वाटेल म्हणून त्यांच्याच प्रकृतीची बातमी त्यांच्यापासून लपवू नका. ती त्यांना जवळ बसून, हळू आवाजात सांगा आणि सांगून झाल्यावर उठून जाऊ नका.

येथवर वाचण्याचे कष्ट घेतल्याबद्दल सर्व वाचकांचा मी अंतःकरणापासून आभारी आहे. यंत्राच्या वतीने हे शब्द लिहिणारा, त्याच ओट्यावर बसणारा, आपला नम्र,

योगराज दौलत बोरसे,
‘सावली’ ज्येष्ठ निवास, जिल्हा जळगाव